पुठ्ठ्याच्या फोनवरचा ओला ठसा

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, पण माझ्यावरून आजवर कोणी कोणाला हॅलोसुद्धा म्हटलेले नाही. माझी बॅटरी कधी संपली नाही, कारण ती नव्हतीच. मी पुठ्ठ्याचा आहे. ज्या खोक्यातून मला कापले त्यात आधी बूट होते आणि माझ्या पाठीवर ‘आठ नंबर, काळा’ हे अजून वाचता येते. असल्या घराण्यातून येऊन मी काचेच्या चौकटीत जाऊन बसलो, याचा मला एके काळी फार गर्व होता. आज मात्र मला एक कबुली द्यायची आहे. एका बाईंचे हातातोंडाशी आलेले काम गेले, आणि त्यामागची चूक माझ्या अंगावर पहिल्या दिवसापासून उमटलेली होती. पुठ्ठा बोलणार कसा, असे तुम्ही म्हणाल. तेच सांगून मीही माझी समजूत घालत आलो.

माझा जन्म एका जिन्यावरच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात झाला. छोट्या दुकानदारांना बिले, हिशेब आणि दरपत्रके फोनवरच करता यावीत म्हणून तिथे एक ॲप बनत होते. ते कसे दिसावे, कुठले बटण कुठे असावे, हे ठरवणाऱ्या मुलीला सगळे ‘कात्री’ म्हणत. संगणकाला हात लावण्याआधी ती सगळे कागदावर कापून बघायची. “आत्ता चूक सापडली तर खोडरबरावर भागतं,” ती म्हणायची. “नंतर सापडली तर सगळ्यांना रडवते.”

तिने माझ्या पोटाला एक खिडकी पाडली. त्या खिडकीत बाजूने कागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. एकेका पट्टीवर ॲपचा एकेक पडदा पेनाने काढलेला. समोरच्या माणसाने बटणाच्या चित्रावर बोट ठेवले की कात्री ती पट्टी ओढून पुढची सरकवायची. म्हणजे अंग माझे आणि डोके तिचे. आमची जोडी छान जमली होती.

मग आम्ही दुकाने पालथी घातली. चावीवाल्याने मला इतक्या जोराने दाबले की माझा कोपरा मुडपला. “ह्याला कुलूप कुठंय?” असे त्याने वर विचारले. फ्रेमवाल्याने बटणांपेक्षा माझी कड नीट कापली आहे का तेच तपासले. सगळ्यांना सगळे जमत होते आणि कात्रीची स्वारी खुशीत होती.

तिसरे दुकान लाँड्रीवाल्या काकूंचे. अरुंद जागा, मागे धुण्याची दोन यंत्रे, एक कायमचे बंद. पुढे इस्त्रीचे टेबल आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर दोरीने बांधलेले गठ्ठे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. काकूंची धाकटी जाऊ उपाहारगृहातली नोकरी सांभाळून दुपारी इस्त्रीला येत असे. काकूंनी हात पदराला पुसले, पण बोटे ओलीच राहिली. त्यांची बोटे दिवसभर ओलीच असत.

“काकू, समजा एका दवाखान्याने चादरी धुण्याचा दर विचारलाय,” कात्री म्हणाली. “त्यांना दरपत्रक पाठवा बघू.”

काकूंनी दर सांगितला, कात्रीने तो पट्टीवर लिहिला. खाली दोन बटणे होती. एक ‘जतन करा’ आणि एक ‘पाठवा’. काकूंचे बोट दोन्हींच्या मध्ये थांबले. मग ते हळूच ‘जतन करा’वर टेकले आणि काकूंनी मान वर करून विचारले, “झालं ना?”

कात्री त्यांच्या बोटाकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या अडखळल्या तर त्यांना अवघडल्यासारखे होईल, या काळजीने पुढची पट्टी तिने आधीच हातात धरली होती. ती तिने पटकन सरकवली. हिरवी खूण आणि शब्द : ‘दरपत्रक पाठवले’.

“झालं की, काकू! किती सोपं होतं!”

“अगं बाई, खरंच की,” काकू हसल्या. जाऊबाई इस्त्री उभी करून म्हणाल्या, “मला पण दाखवा ना.”

जुन्या पट्टीवर ‘जतन करा’च्या अक्षरांत ओल्या बोटाचा गोल ठसा उमटला होता, शाई थोडी पसरली होती. ती पट्टी तशीच माझ्या पोटात राहिली. कात्रीने वहीत लिहिले, ‘सर्वांना जमले.’ आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

पुढे ॲप निघाले, त्याला बक्षीस मिळाले. ऑफिसच्या साहेबांनी मला काचेच्या चौकटीत बसवून दारासमोर टांगले. नेमकी तीच दोन बटणांची पट्टी खिडकीत ठेवली, कारण तिच्यावरचे अक्षर सगळ्यांत सुबक होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब सांगत, “हा आमचा पहिला फोन. डाग चहाचा असेल.” लोक माझे फोटो काढत आणि मी फुगून बसे. तो डाग चहाचा नाही, हे मला एकट्याला ठाऊक होते. पण कौतुक गोड लागते, मित्रांनो. पुढेपुढे मलाही तो चहाचाच वाटू लागला.

दोन वर्षांनी काकू तो जिना चढून आल्या. पाणी लागू नये म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

“ताई, मी पाठवलं होतं हो,” त्या कात्रीला म्हणाल्या. “हे बघा, इथं दिसतंय. आणि दवाखाना म्हणतो, आमच्याकडे काही आलंच नाही. त्यांनी वर्षाचं काम दुसऱ्याला दिलं.”

खराच एक दवाखाना होता, खऱ्याच चादरी होत्या. काम येणारच म्हणून काकूंनी बंद यंत्र दुरुस्त करून घेतले होते. जाऊबाईंनी त्यांच्या भरवशावर उपाहारगृहातली नोकरी सोडली होती. “एक फोन करून विचारायचं नाही का?” साहेबांनी म्हटले.

“सारखं विचारलं तर गरजू वाटतं, साहेब. आमच्याकडे कपडे बांधून, चिठ्ठी लावून फळीवर ठेवले की आमचं काम संपलं. ज्याचे त्याने येऊन न्यायचे. मला वाटलं, मी ठेवलंय, ते बघतील.”

ॲप लिहिणाऱ्या संगणकवाल्याने फोन पाहिला. “काकू, तुम्ही ‘पाठवा’ दाबलंच नाही. हे नुसतं जतन झालंय.”

“म्हणजे ॲपची चूक नाही,” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

काकूंचा चेहरा पडला. त्या फोन पुन्हा पिशवीत घालू लागल्या आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. त्या जवळ आल्या. काचेवर बरोबर ठशाच्या जागी त्यांनी बोट ठेवले.

“हा तोच ना? बघा, तेव्हाही मी इथंच दाबलं होतं. तेव्हा तर गेलं होतं!”

कात्रीने मला भिंतीवरून उतरवले, खिडकीपाशी नेले आणि उजेडात तिरके धरले. ठसा दिसला तशी ती खुर्चीत बसलीच.

“काकू, तेव्हा ते गेलं नव्हतं,” ती म्हणाली. “पुढची पट्टी मी माझ्या हातानं सरकवली होती. तुम्ही चुकलात ते मी बघितलंच नाही.”

त्याच दुपारी ती काकूंबरोबर दवाखान्यात गेली आणि तिथे तिने सगळे आपल्या अंगावर घेतले. व्यवस्थापक भले होते, पण काम दिले ते दिले. “पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले. उपाहारगृहात जाऊबाईंची जागा केव्हाच भरली होती. गेले ते परत आले नाही, मित्रांनो, आणि मी तुम्हाला खोटे सांगणार नाही.

कात्रीने मला चौकटीतून काढले आणि नव्या पट्ट्या कापल्या. आता एका पट्टीवर ‘जतन करा’च्या जागी काकूंच्या दुकानातल्यासारखी फळी होती, तिच्यावर दरपत्रकाचा गठ्ठा आणि खाली मोठे अक्षर : ‘अजून गेलेले नाही’. हे शब्द काकूंनी सांगितले होते. आम्ही पुन्हा लाँड्रीत गेलो. या वेळी बोट जाऊबाईंचे होते. पट्ट्या सरकवायला संगणकवाला बसला होता आणि त्याला ताकीद होती, बोट टेकल्याशिवाय हलायचे नाही. कात्री शेजारी स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर बसली.

जाऊबाईंनी फळी दाबली. “झालं ना?”

कोणीच उत्तर दिले नाही. कात्रीने ओठ दाताखाली धरले होते. जाऊबाईंनी वाकून अक्षरे वाचली. बराच वेळ लागला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “अजून गेलं नाही.” आणि त्यांनी ‘पाठवा’वर बोट टेकवले.

आता मी कात्रीच्या टेबलावर असतो. कामाला नवीन माणूस आला की ती आधी मला त्याच्या हातात देते आणि ठसा दाखवते. मित्रांनो, धाकटे भावंड किंवा घरातले म्हातारे माणूस काही करता करता तुम्हाला “झालं ना?” असे विचारील, तेव्हा लगेच हो म्हणू नका. आधी त्यांचे बोट कुठे आहे ते बघा. आणि कधी मी तुमच्या हाती आलोच, तर चहाचा डाग समजून मला पुसू नका. त्या दिवशी काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेवढेच माझ्याजवळ आहे.