पान उलटणारी

माझी बायको व्हायोला वाजवते. व्हायोलिन नव्हे, व्हायोला. व्हायोलिनची जरा अंगाने भरलेली, खालच्या आवाजात बोलणारी थोरली बहीण. हे मी आजवर इतक्या जणांना समजावलंय की माझ्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानाबाहेर तशी पाटीच लावावी असं वाटतं. मला स्वतःला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तरी आमच्या भागातल्या वाद्यवृंदाचा एकही कार्यक्रम मी चुकवलेला नाही, कारण हिला घरी परत आणणारी गाडी मीच चालवतो.

वाद्यवृंदात दोन वादकांना मिळून एक स्टँड असतो आणि त्यावर दोघांत मिळून स्वरलिपीच्या कागदांची एकच चळत. प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो, आतल्या बाजूला बसलेला पान उलटतो. ही आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला मास्तर, हिच्याहून वयाने मोठे, शिस्तीचे. पान संपत आलं की ही वाजवायची थांबते, हात लांब करून पान उलटते आणि पुन्हा सुरू होते. मास्तर आपले अखंड चालू. म्हणजे कितीतरी रचनांमधल्या पानापानाच्या शेवटच्या ओळी हिने कार्यक्रमात कधी वाजवलेल्याच नाहीत. आणि हे कोणाच्या बापाला कळलेलं नाही.

हे मी म्हणत नाही, हीच म्हणाली. निमित्त झालं माझ्या धाकट्या बहिणीचं. धाकटी मनाने सोनं, पण तिच्या जिभेला हाड नाही. मागच्या कार्यक्रमानंतर तिने चारचौघांत विचारलं, "वहिनी, एवढ्या गर्दीत तू नेमकं काय वाजवतेस गं? मी कान टवकारून ऐकलं, पण तू काही सापडली नाहीस बाई."

ही तेव्हा हसली. घरी आल्यावर भाजी चिरता चिरता म्हणाली, "तिचं काय चुकलं? मी वाजवलं काय, न वाजवलं काय. तुम्हाला तरी कधी ऐकू आलेय का मी?"

अशा वेळी शहाण्या नवऱ्याने बिनदिक्कत खोटं बोलावं. मी म्हणालो, "दिसतेस मात्र छान हं."

त्यावर दोन दिवस अबोला. मग एका सकाळी हिने सांगितलं, वाचनालयातला छोटा कार्यक्रम तेवढा झाला की दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना भेटायचं आणि वाद्यवृंद सोडायचा. तावातावाने बोलली असती तर मी भांडलो असतो. शांतपणे बोलली, म्हणजे पक्कं ठरवलं होतं. व्हायोलाशिवायची ही मी पाहिलेलीच नाही. लग्नाआधी पहिल्यांदा दिसली तेव्हासुद्धा खांद्याला व्हायोलाची पेटी होती.

तर तो छोटा कार्यक्रम. वाद्यवृंदातल्या पाच जणांनी रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसून वाजवायचं. दोन व्हायोलिन, दोन व्हायोला म्हणजे ही आणि मास्तर, आणि एक चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं त्यांचं थोराड भावंडं. वाचनाची टेबलं भिंतीला सरकवलेली, आणि लोक इतके जवळ की पहिल्या रांगेतल्याने पाय पसरले तर थेट चेलोला लागावेत. इथे प्रत्येकाचा स्टँड वेगळा आणि कागदही वेगळे. कोणी कोणाचं पान उलटायचा प्रश्नच नाही. धाकटी माझ्या शेजारी होती. तोंडातून ब्र काढलास तर याद राख, असं बजावूनच तिला आणलं होतं.

पहिला भाग नुसती धावपळ होती. दुसरा संथ. धून मास्तरांकडे आली आणि त्यांनी ती अशी काही वाजवली की मलासुद्धा कळलं, हे छान आहे. ही त्याखाली काहीतरी एकसारखं, बारीक वाजवत असावी. मी नेहमीप्रमाणे पाहत होतो हिच्याकडे आणि ऐकत होतो मास्तरांना.

मग धून व्हायोलिनने उचलली आणि मास्तरांना उसंत मिळाली. त्यांचं पान संपलं होतं, आणि ते स्वतःचं स्वतः उलटता यावं म्हणूनच ती उसंत तिथे होती. पण इतक्या वर्षांची सवय! हिने स्वतःचं वाजवणं थांबवलं, गज मांडीवर टेकवला, हात लांब केला आणि मास्तरांचं पान उलटलं. अगदी ऐटीत.

आणि खोलीतून काहीतरी निघून गेलं. व्हायोलिन वाजत होतं, चेलो वाजत होता, धून तर जशीच्या तशी. पण सगळं अधांतरी. खाटेचा एक पाय कोणी काढून घ्यावा तसं. मी खुर्चीत पुढे सरकलो. धाकटीने माझं मनगट गच्च धरलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "दादा, काय बंद झालं रे?"

लोकांनी वळून पाहिलं. ही भानावर आली. कानांपर्यंत लाल झाली, गज उचलला, आणि खालचं ते बारीक वाजणं परत सुरू झालं. सगळी खोली पुन्हा खुर्चीला टेकली. मी डोळे पुसले, उगाच खोटं कशाला बोलू? मला कधी ऐकू न आलेली माझी बायको त्या खोलीत सगळीकडे होती.

टाळ्या पुष्कळ झाल्या. मास्तर हसत हसत हिला काहीतरी म्हणाले, पण हिचं लक्ष नव्हतं. पेटी बंद केली आणि तडक जिना उतरली. मी मागे धावलो.

"उद्या सकाळीच सांगून टाकते," ही गाडीपाशी म्हणाली. "सगळ्यांसमोर माती खाल्ली मी."

"तू थांबलीस ना, तेव्हा मला तू ऐकू आलीस."

"माझी समजूत काढू नका."

"अगं खरंच. घरातला फ्रिज बंद पडला की कसं एकदम..."

"मला फ्रिज म्हणालात?"

"चांगल्या कंपनीचा."

ही हसली नाही. डोळे भरलेले होते. "काय ऐकलंत ते म्हणून दाखवा मग. आणि धून नको. धून सगळ्यांच्याच लक्षात राहते."

मी गाडीला टेकलो आणि गुणगुणायला लागलो. ते खालचं, एकसारखं, बारीक. सूर कुठल्या कुठे गेला असणार. मी गायला लागलो की आमचं मांजरसुद्धा उठून जातं. पण ही माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

"तिसरा स्वर खाली घ्या," ही म्हणाली. "पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं.

"अजून वरच जातोय. उद्या तालमीहून आले की नीट शिकवते."

आणि मग आयुष्यभर खालचंच वाजवत आलेल्या माझ्या बायकोने माझ्या त्या बेसूर गुणगुणण्यावर वरची धून धरली. हलक्या आवाजात, रस्त्याच्या कडेला, पेटी पोटाशी धरून. धाकटी मागून आली आणि चक्क गप्प उभी राहिली. माझा घसा कोरडा पडला, दमही लागला, पण थांबायची माझी छाती झाली नाही.