कपाटातले चार तास

रॉकेल ओतायचे पत्र्याचे नरसाळे तुम्ही पाहिले असेल, मित्रांनो. मीही एक जुने नरसाळेच आहे, पण काचेचे आणि तळहातावर मावेल एवढे. सगळ्या आयुष्यात मी एकच काम केले. पहिली काही वर्षे मला त्या कामाची लाज वाटत असे. आज मला त्या लाजेचीच लाज वाटते.

काचेच्या कारखान्यात एका कारागिराने मला फुंकून घडवले. तिथून भुशाने भरलेल्या पेटीतून मी बंगळूरला, कँटोन्मेंटमधल्या एका औषधांच्या दुकानात आले. शेजारी रंगीत औषधांच्या मोठमोठ्या बाटल्या होत्या. त्यांच्यासारखेच आपणही कुठल्यातरी डॉक्टरांच्या टेबलावर मिरवू, असे मला वाटायचे. पण १९५६ साली वसुमतीबाई नावाची एक बाई आली आणि पदराच्या टोकात गुंडाळून मला घरी घेऊन गेली.

वसुमतीबाईंचे यजमान गुंडोराव सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. ते बसवनगुडीत दोन खोल्यांच्या घरात राहत. थोरली मुलगी पद्मा आठ वर्षांची होती आणि धाकटी चंपा चार वर्षांची. चंपाला मान सावरता येत नसे. तिचे हातपाय ताठ असत. तोंडात घातलेला घास पोटात जाण्याऐवजी श्वासाच्या वाटेने जाई, आणि त्यामुळे दोनदा तिला न्यूमोनिया झाला होता. शेवटी डॉक्टरांनी तिच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक रबरी नळी घातली. त्या नळीच्या बाहेरच्या टोकाला मला बसवायचे आणि माझ्यातून पातळ पेज ओतायची, हेच माझे काम.

हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी वसुमतीबाईंना नीट शिकवले होते. "पोरीला बसवूनच पाजा. आणि हे छातीपासून वीतभरच वर धरा. जास्त उंच धरलं की पेज भसकन उतरते, मूल ओकतं, आणि ओकलेलं छातीत जातं."

दर तीन तासांनी हे चालायचे. रागीची, म्हणजे नाचणीची, पेज मलमलीतून गाळायची, कोमट करायची, मला उकळत्या पाण्यातून काढायचे, चंपाला मांडीवर टेकवून बसवायचे. एका वेळेला पाऊण तास लागे. ते आटोपून वसुमतीबाई भांडी घासेपर्यंत पुढची वेळ यायची. हळदीकुंकवाची बोलावणी आधी त्यांनी नाकारली, मग ती येईनाशीच झाली. माहेर होसकोट्याला, बसने जवळच. पण चार वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. कितीदा तरी त्यांच्या स्वतःच्या ताटातला भात गार होऊन जायचा.

चंपाला मात्र बरेच काही आवडायचे. पद्मा अंगणात दोरीवरच्या उड्या मारू लागली की दोरीच्या आवाजावर ती हसायची. अप्पा, म्हणजे गुंडोराव, घरात आले की तिची नजर त्यांच्यामागे फिरायची. पण तिला पाजताना ते वर्तमानपत्र उघडून दुसरीकडे तोंड करत. त्यांनी मला कधी हात लावला नाही. मला त्यांचा राग येत नव्हता. मलाही वाटायचे, कुणी पाहुण्याने आपल्याला या अवस्थेत बघू नये.

१९५८ साली गुंडोरावांना बढती मिळाली. एका रविवारी त्यांनी कचेरीतल्या चौघांना जेवायला बोलावले. त्यांत त्यांचे साहेब प्रतापरावही होते. सकाळपासून पुरणाचा वास दरवळत होता. मंडळी साडेअकराला दारात आली. मी स्वयंपाकघराच्या फळीवर वाळत होते. हात धुवायला कुणी आत आले तर दिसेल, म्हणून गुंडोरावांनी घाईने मला उचलले, पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवले आणि चावी कोटाच्या खिशात टाकली.

त्या अंधारात मला काय वाटले, ते सांगायलाच मी आज बोलते आहे. मला बरे वाटले. आता आपल्याला कुणी पाहणार नाही, असे मनात आले.

बारा वाजले. चंपाची वेळ झाली. पानावर वाढता वाढता वसुमतीबाई नवऱ्याजवळ वाकल्या.

"अहो, चावी द्या. तिची वेळ झाली."

"आत्ता नको," गुंडोराव हळूच म्हणाले. "मंडळी जाऊ देत. एक दिवस उशीर झाला तर काय होतं?"

"भुकेला ते कळत नाही."

गुंडोरावांनी पुरणपोळीचा पुढचा घास मोडला. त्या सरळ झाल्या आणि तुपाचे भांडे घेऊन पुढच्या पानाकडे वळल्या. पाहुण्यांसमोर नवऱ्याशी वाद कसा घालायचा, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

पद्मा मागच्या खोलीत चंपाला मांडीवर घेऊन बसली होती. एक वाजला. चंपा रडू लागली. तिचे रडणे इतर मुलांसारखे नव्हते. ते घशातून घरघरत यायचे. कपाटापर्यंत ते ऐकू येत होते. बाहेर विडे चालले होते.

प्रतापरावांनी विचारले, "आत कोण रडतंय हो?"

गुंडोराव म्हणाले, "शेजाऱ्यांचं मूल आहे."

तेव्हाच पाण्याचा तांब्या घ्यायला आलेली पद्मा दारात उभी होती. तिने ते ऐकले. तांब्या न घेताच ती आत गेली.

मंडळी साडेतीनला उठली. वसुमतीबाईंनी चावी मागितली नाही. नवऱ्याच्या खिशात हात घालून काढून घेतली. सकाळी नऊनंतर चंपाच्या पोटात काही नव्हते. रडून रडून ती घामाघूम झाली होती. लवकर जावे, लवकर पोट भरावे, म्हणून त्यांनी मला नेहमीपेक्षा वर धरले. पेज भसकन उतरली. चंपा ओकली, गुदमरली, ओठ निळे पडले.

शेजारच्या यल्लव्वाने तिला पालथे धरून पाठीवर थोपटले आणि टांगा आणवला. मीही त्या घाईत पिशवीतून हॉस्पिटलात गेले.

डॉक्टरांनी कानडीत विचारले, "घाईने पाजलं का?"

"हो," वसुमतीबाई म्हणाल्या. "चूक माझी झाली."

गुंडोराव भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे झाले. मग म्हणाले, "नाही डॉक्टर. तिची चूक नाही. मी पोरीला उपाशी ठेवलं. घरी माणसं आली होती."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा चंपाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. त्यांनी रागावून काही म्हटले असते तर बरे झाले असते.

चंपा अकरा दिवस तिथे होती. ताप उतरून ती घरी आली, तेव्हा पद्मा अजून अप्पांशी बोलत नव्हती. वसुमतीबाईंनी पेज गाळली, मला उकळून काढले आणि नवऱ्यापुढे ठेवले.

"आजपासून सकाळची आणि रात्री नऊची वेळ तुमची."

"मला जमणार नाही गं."

"मलाही जमत नव्हतं."

मग त्या बाजूला बसून राहिल्या. गुंडोरावांनी चंपाला मांडीवर टेकवून बसवले आणि मला हातात धरले. यल्लव्वा दारातून बघत होती. ती म्हणाली, "स्वल्प खाली धरा, अण्णा. हां. सरी, अस्संच. आता हलू नका." पेज हळूहळू उतरू लागली. चंपाने मान कलती करून बापाकडे पाहिले आणि ती हसली. गुंडोरावांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात गुंतले होते.

दोन महिन्यांनी वसुमतीबाई भावाच्या लग्नासाठी होसकोट्याला जाऊन दोन रात्री राहिल्या. परतल्यावर सगळ्यांत आधी त्यांनी चंपाचे पोट चाचपून पाहिले. ते भरलेले होते. पुढच्या रविवारी गुंडोराव प्रतापरावांच्या घरी गेले आणि ते रडणे कुणाचे होते ते सांगून आले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पद्मा मात्र त्या संध्याकाळी अप्पांच्या शेजारी जेवायला बसली.

चंपा पुढे सात वर्षे जगली. त्या छातीनेच शेवटी तिला नेले. त्या रविवारच्या दुखण्याने तिची छाती किती दुबळी केली, हे कुणी सांगू शकत नाही. गुंडोरावांनी तो प्रश्न डॉक्टरांना कधी विचारला नाही, आणि विचारला नाही याचे दुःख वेगळेच त्यांच्या तोंडावर दिसे.

मित्रांनो, अशा एखाद्या घरी तुम्ही गेलात, तर मुलाला काय झाले आहे ते आधी विचारू नका. त्याचे नाव विचारा. त्याच्या आईला विचारा, "तुम्ही जेवलात का?" आणि जेवली नसेल, तर म्हणा, "कसं धरायचं ते मला दाखवा." काच सांभाळायला अवघड नसते; थोडा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो, एवढेच.