उभ्या गाडीची राखण

स्टोअरकाकांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवर खडूने एक रेघ ओढली. तीच रेघ त्यांनी सरळ खाली फरशीपर्यंत नेली. आता गाडी जागची हलली की रेघ मोडणार, आणि रेघ मोडली की पुरावा तयार. खडू खिशात टाकून ते उठू लागले तेव्हा दोन्ही गुडघ्यांनी एकाच सुरात तक्रार केली.

"काका, काही पडलं का?"

मागे सिस्टर उभ्या होत्या. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या, दूरच्या एका दवाखान्यात नोकरी करणाऱ्या. खांद्याला पर्स, हातात डबा आणि करंगळीत गाडीची किल्ली. ती किल्ली त्या गरागरा फिरवत होत्या. किल्ली ही काय फिरवायची वस्तू आहे?

"नाही, जरा हवा बघत होतो," काका म्हणाले.

"ठीक आहे ना हवा?"

"आता गाडी तुमच्या ताब्यात. मी कोण सांगणार?"

"असं काय हो काका!" म्हणून सिस्टर हसल्या, आत बसल्या, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि फाटकातून बाहेर पडलीसुद्धा. फरशीवर अर्धी रेघ तेवढी उरली. गुन्हा फिर्यादीच्या डोळ्यांदेखत घडल्यामुळे पुराव्याची काही गरज राहिली नव्हती.

गाडी खरं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या जहाजवाल्याची. तो जहाजावर इंजिनिअर. एकदा गेला की सहा-सात महिने त्याचं तोंड दिसत नसे. एकटा जीव, मागे घराला कुलूप आणि खाली ही गाडी. गेली चार वर्षं तो जाताना किल्ली काकांच्या हातात ठेवत आला होता, आणि ते योग्यच होतं. काकांचा सगळा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलेला. वस्तू न वापरता नव्यासारखी कशी ठेवावी यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. स्टोअरमधून कोणी एखादा पार्ट मागायला आला, की काकांच्या चेहऱ्यावर मुलगी सासरी निघाल्यासारखे भाव येत.

गाडीलाही त्यांनी तोच न्याय लावला. जहाजवाल्याची पाठ वळली की काका आधी हँडब्रेक ओढत, आणि रोज संध्याकाळी खाली येऊन, रात्रीत ढिला पडू नये म्हणून, आणखी जरासा ओढून ठेवत. गाडीवर आधी जाड प्लास्टिक, त्यावर कापडी आवरण, त्यावर दोरी. दारांच्या कडेने जी काळी रबरं असतात त्यांना महिन्यातून एकदा ग्रीस. इंजिन चालू करणं वगैरे चैन नाही. विनाकारण झीज कशाला?

जहाजवाला परत आला की गाडीभोवती एक फेरी मारायचा, दार उघडून एकदा आत डोकावायचा आणि म्हणायचा, "काका, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त असतो." मग गाडी सर्व्हिसिंगला जायची. तीही चालवत नाही, दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून. इतके दिवस जपलेल्या गाडीला एकदम रस्त्यावर घालणं बरं नाही, असं तो म्हणे. काकांना त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटे. दोन-चार दिवसांनी गाडी परत यायची ती लखलखीत. काका दाराचं रबर अंगठ्याने दाबून बघत आणि फाटकावरच्या वॉचमनला बोलावून दाखवत, "चार वर्षांचं आहे, पटतंय?" वॉचमनला पटत नसे.

आणि यंदा जाताना जहाजवाला वर आला, पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमचे गुडघे दुखतात. तुम्हाला किती त्रास द्यायचा? यंदा किल्ली सिस्टरकडे देतोय."

"अरे, गुडघ्यांचा आणि गाडीचा काय संबंध?" काकांनी नंतर काकूंना दहादा तरी विचारलं. "गाडी काय गुडघ्यांवर ठेवायची होती?"

काकूंनी दहाही वेळा "खरंय" म्हटलं आणि आपलं काम चालू ठेवलं.

तेव्हापासून काकांची खुर्ची गॅलरीत आली. सकाळी गाडी जाताना ते हजर, संध्याकाळी येताना हजर. सिस्टर गाडी रोज नेत. रोज! कधी भाजी घेऊन येत, कधी गाणी लावून येत. एकदा तर मागच्या सीटवर चक्क छत्री वाळत घातलेली दिसली. आवरण नाही, प्लास्टिक नाही, ग्रीसचा तर पत्ताच नाही. रविवारी बादलीभर पाणी घेऊन त्या गाडी धूत, चाकांत हवा भरून आणत आणि बाकी वेळ तिच्याकडे बघतही नसत. हे बघतही नसणं काकांना सगळ्यांत जास्त लागे. आपण चार वर्षं जिच्यावरून नजर काढली नाही, तिचं दार आपटून ही बाई निघून जाते, आणि गाडी मात्र दुसऱ्या दिवशी हिच्या एका हाकेला सुरू!

"अहो, आत या. ऊन आलंय," काकू म्हणायच्या.

"येतो. ती अजून आली नाही."

"कोण, गाडी की सिस्टर?"

"गाडी."

"मग बरं. मला वाटलं माझ्यावर सवत आणताय. इथे तर तुमच्यावरच सवत आलीय."

काकांनी खुर्ची कठड्याकडे आणखी सरकवली. विनोद चांगला होता, म्हणूनच ते हसले नाहीत.

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. काका रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले आणि रिक्षा घेऊन परत आले तर काकू नाहीत. तासाभराने फाटकातून गाडी आली आणि पुढच्या सीटवरून, काळा चष्मा लावलेल्या, काकू उतरल्या.

"तू हिच्यात बसलीस?"

"नाही, टपावर बसले होते. बसले म्हणजे काय! सिस्टर म्हणाल्या चला, त्याच वाटेने जातेय. आणि अहो, काय चालते गाडी! पोटातलं पाणी हलत नाही."

"मला सांगतेस गाडी कशी चालते?"

"तुम्हाला कुठे माहितीये? ती चालत असताना तुम्ही कधी बसलात तिच्यात?"

काकांनी त्या दिवशी अर्धीच पोळी खाल्ली. चार वर्षांत ते गाडीत बसले होते फक्त हँडब्रेक ओढायला. गाडी चालवता त्यांना येत नव्हती, आणि हे त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

जेवणानंतर त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जहाज बंदराला लागलं की रविवारी जहाजवाल्याचा फोन येत असे. या रविवारी त्याला सगळं सांगायचं. छत्री, गाणी, दार आपटणं, ग्रीस नाही. त्याला म्हणायचं, बाबा रे, तुझी गाडी आहे, तुझा जीव जळत नसेल तर माझा जळतो. मग तो आपण होऊनच म्हणेल, काका, किल्ली परत घ्या. घाई न करता, थोडे आढेवेढे घेऊन मग घ्यायची.

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. सिस्टर.

"काका, एक काम होतं. गाडी गॅरेजला टाकायचीय आणि मला ड्युटीमुळे तिथे थांबता येणार नाही. गॅरेज दवाखान्याच्या समोरच आहे. तुम्ही जरा गाडीजवळ बसाल का? तुमच्यासारखं लक्ष कोण ठेवणार?"

आनंद लपवायचा प्रयत्न करूनही काकांचा चेहरा उजळला. गॅरेज! म्हणजे काहीतरी बिघडलंच. ब्रेक गेले असतील. क्लच जळला असेल. देव करो आणि इंजिनच बसलं असो. एवढ्या अशुभ गोष्टी इतक्या आनंदाने त्यांनी कधी चिंतल्या नव्हत्या.

"बसेन की," ते म्हणाले. "माणसाने माणसाच्या अडचणीला नाही धावायचं तर कोणी?"

वाटेत ते कान देऊन बसले. कुठे खडखडाट नाही, कुरकुर नाही. काकू म्हणाल्या ते पोटातल्या पाण्याचं खरं होतं, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

गॅरेजवाला चहा पीत होता. सिस्टरांनी गाडी लावली, त्याला दोन शब्द सांगितले आणि रस्ता ओलांडून गेल्या. काका एका उलट्या डब्यावर बसले. गॅरेजवाला गाडीखाली गेला, वर आला, बॉनेट उघडून आत डोकावला.

"काय काय गेलंय?" काकांनी आवाज शक्य तितका गंभीर ठेवून विचारलं.

"काही नाही. ऑइल बदलायचं होतं, झालं."

"ब्रेक?"

"मस्त."

"नीट बघा ना. बाई रोज नेतात हो गाडी."

"म्हणून तर मस्त आहे, साहेब." गॅरेजवाल्याने हात फडक्याला पुसले. त्याला काम कमी आणि बोलायला माणूस मिळालेला दिसत होता. "गाडीला फार काही लागत नाही. आठवड्यातून दोनदा जरा लांब नेली, इंजिन नीट तापलं, की झालं. सिस्टर आल्या आणि हिचं नशीब उघडलं. याआधी काय हाल होते हिचे! बघवत नव्हतं."

काका डब्यावर जरा सावरून बसले.

"हिचा मालक जहाजावर असतो ना, तो कोणा काकांकडे सोपवून जायचा. दर वर्षी टो करून आणावी लागायची. एकदा नाही, चारही वर्षं. हँडब्रेक असा ओढलेला, की मागची चाकं धरून बसलेली. हातोडीने सोडवलीत मी. प्लास्टिकमध्ये अशी गुंडाळायचे, की आत घाम धरून सीटला बुरशी! आणि ग्रीस! दाराच्या रबरांना ग्रीस लावायचा तो बाबा!"

"ग्रीसने गंज धरत नाही," काका हळूच म्हणाले.

"लोखंडाला! रबराला कसला गंज, साहेब? रबर ग्रीसने फुगतं, लोण्यासारखं हाताला येतं. दर वर्षी चारही दारांची नवी रबरं बसवलीत मी या गाडीला." त्याने दार उघडून रबरावर अंगठा दाबून दाखवला. "ही बघा, शेवटची बसवलेली. अजून कशी कोरी आहेत."

काकांनी बघितलं. अंगठा मात्र लावला नाही.

"मी त्या पोराला म्हटलं, अरे, एवढं नुकसान होतंय, सांग ना त्यांना तोंडावर. तर म्हणे, नको, जीव लावतात हो ते गाडीला. रोज संध्याकाळी खाली येऊन बघून जातात. कळलं तर खचतील. मला म्हणाला, तू फक्त लखलखीत करून दे, त्यांना रबरं दाबून बघायला आवडतं." गॅरेजवाला हसला. "असा मुलगा बघितला नाही मी. यंदा शेवटी काहीतरी निमित्त काढलंन म्हणे. कंबरेचं का कशाचं."

"गुडघ्यांचं," काका म्हणाले.

"हां, तेच. तुम्ही ओळखता का त्यांना?"

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. ती पार वळणाआड जाईपर्यंत काका तिच्याकडे बघत राहिले.

"तोंडओळख आहे," ते म्हणाले.

"मग बोलू नका हं त्यांच्यापाशी काही. मी आपलं बोलून गेलो."

"नाही बोलणार."

संध्याकाळी सिस्टरांनी त्यांना गाडीतून परत आणलं. "काय म्हणाला गॅरेजवाला?" त्यांनी विचारलं. काकांनी "ऑइल बदललं" एवढंच सांगितलं. उतरताना त्यांनी दार इतकं अलगद लावलं, की ते नीट लागलंच नाही. सिस्टरांना वाकून पुन्हा ओढावं लागलं.

रविवारी फोन आला तेव्हा काकू शेंगा सोलत होत्या. काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"काका, गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागच्या जागी. तू जेवतोस का नीट?"

"जेवतो. गाडी कशी आहे?"

काकू सोलायच्या थांबल्या. आठवडाभर ऐकलेली सगळी फिर्याद, छत्रीपासून ग्रीसपर्यंत, आता एका दमात बाहेर येणार म्हणून त्यांनी काकांकडे बघितलं.

"रोज बाहेर जाते," काका म्हणाले. "बाई चालवतात."

"काही तक्रार?"

"गाडीची नाही." त्यांनी टेबलावरचा फोन उगाच सरळ केला. "बऱ्या चालवतात. तुझ्या काकूलाही फिरवून आणलं."

"वा! बरं झालं. पण काका, एक सांगू? तुमच्यासारखी गाडी कोणी जपणार नाही."

काका खिडकीबाहेर बघत होते. खाली गाडी उभी होती, उघडी, आवरणाशिवाय, आणि तिच्या टपावर कोणाची तरी मांजर बसली होती.

"ते तर आहेच," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर काकूंनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"हे काय हो? आठवडाभर माझं डोकं खाल्लंत. सांगणार होतात ना त्याला सगळं?"

"सांगणार होतो."

"मग?"

काकांनी पाटीतली एक शेंग उचलली आणि सोलता सोलता म्हणाले,

"एवढ्या लांब आहे पोरगा. त्याला वाईट वाटलं असतं."