आरोहीला भेटायला

सर्दीला आपण आजार समजत नाही. नाक पुसलं की कामाला लागतो. जळकोटचे महारुद्रही तसेच. आठ दिवस शिंकत होते, तरी दोन महिन्यांच्या नातीला, आरोहीला, खांद्यावरून उतरवत नव्हते. बायको जाऊन वर्ष झालं होतं. या लेकरामुळंच त्यांना पुन्हा घरी यावंसं वाटू लागलं होतं.

मग आरोहीला सर्दी झाली. तिनं दूध सोडलं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. मुलगा उत्कर्ष आणि सून शिवकन्यानं तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. तिथं ऑक्सिजन लावला.

सिद्धम्मा सिस्टरनं महारुद्रांना दारातच थांबवून समजावलं. सर्दीच्या या विषाणूनं मोठ्यांचं नुसतं नाक वाहतं, पण तान्ह्या लेकराच्या बारीक श्वासनळ्या चिकट कफानं भरून जातात. इंजेक्शन दिलं आणि लगेच बरं झालं, असं होत नाही. श्वासाला आधार देऊन वाट बघायची. "आजोबा, घरात कुणाला सर्दी होती?" तिनं विचारलं. महारुद्रांनी रुमाल नाकाला लावला आणि ते दोन पावलं मागं सरले.

चौथ्या दिवशी आरोही थोडं थोडं दूध घेऊ लागली. त्याच दुपारी गावाकडून जीप आली. थोरली बहीण तुळजाबाई आणि भावकीतली नऊ माणसं. भेटायला गेलं नाही तर लोक काय म्हणतील, ही आपल्याकडची मोठी काळजी! तुळजाबाई वाटभर खोकत आल्या होत्या.

महारुद्र दवाखान्याच्या फाटकात आडवे उभे राहिले.

"आरं, तुझी बायकू आजारी हुती तवा रोज दहा माणसं यायची. तवा गोड लागलं. आता मलाच हाकलतूस व्हय?" तुळजाबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. त्या माणसांच्या आधारानंच ते तेव्हा उभे राहिले होते. तरी ते फाटकातून हलले नाहीत.

"अक्का, ही सर्दी म्याच दिली तिला. रोज मुके घेतले. आत तिच्यासारखी आणखी सहा लेकरं हायती. एक माणूस गेलं घरातलं. आता आपल्या हातानं दुसरं नगं."

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांना लिंबाखाली बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "सुनंला तरी भायेर धाड. ती जेवली का न्हाय, इचारलंस का?"

कुणीच विचारलं नव्हतं. उत्कर्ष लेकराजवळ बसला आणि शिवकन्या बाहेर आली. तुळजाबाईंनी गावाकडून आणलेला डबा लांबूनच पुढं सरकवला. शिवकन्यानं हात धुतले आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात आरोही घरी आली. स्वतःची सर्दी पुरती थांबेपर्यंत महारुद्रांनी तिला दारातूनच पाहिलं.

मंडळी, आपली माया खोटी नाही. पण सर्दी-खोकला असेल तर तान्ह्या लेकराजवळ जाऊ नका. हात धुतल्याशिवाय त्याला उचलू नका. त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या तर घरी वाट बघत बसू नका. आणि लेकरू दवाखान्यात असेल, तर आत गर्दी करण्यापेक्षा त्याच्या आईला भाकरी न्या.