रागातलं तेवढं राहिलं

'अभिनंदन! तुमचा कंप्युटर आता स्वच्छ आणि निरोगी आहे.'

०

फळांच्या लिलावात पेटीवर हात ठेवून पुकारा करतात. हात नुसता टेकवायचा. दाबला की माल मऊ आहे असं घेणाऱ्याच्या मनात भरतं आणि मग कितीही ओरडा, भाव चढत नाही.

०

पाच वर्षांच्या मुलीनं फोन कानापासून लांब धरला आणि आईला विचारलं, "मी काय केलं?"

०

खातेदाराने स्वतःच्या आवाजात संमती दिल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. असा नियम आहे. खातेदाराच्या भल्यासाठीच आहे.

०

"या, बसा." हे दोन शब्द पाहुण्याला म्हणता येतात, बोलावून तासभर उशिरा उगवलेल्या मित्राला म्हणता येतात, मांडीवर यायला निघालेल्या नातीला थट्टेनं म्हणता येतात. शब्द तेच. कंप्युटरच्या मते माणूसही तोच.

०

आता सरळ सांगायला हवं.

बाजारात त्याला भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे. घाऊक फळबाजारात त्याचा लिलावाचा पुकारा सुरू झाला की पलीकडच्या कांद्याच्या गाळ्यातली माणसं आपलं बोलणं थांबवत, कारण एरवीही ऐकू येणार नव्हतंच. घरीही तो तसाच बोले. बायको म्हणायची, अहो, मी शेजारी बसले आहे, शेजारच्या गावात नाही. मग गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तयारीला थोडे दिवस दिले.

दवाखान्यातल्या बाईंनी एक सुचवलं. आहे तोवर आवाज साठवून ठेवा. रोज लागणारी वाक्यं कंप्युटरवर रेकॉर्ड करा, पुढे बटण दाबलं की कंप्युटर तुमच्या आवाजात बोलेल.

पहिल्या दिवशी भोंगा रेकॉर्डिंगला बसला तो जगावर खार खाऊनच. आपण कधी विडी ओढली नाही, कुणाचं वाईट केलं नाही, आणि गाठ आपल्याच गळ्यात. हा राग प्रत्येक शब्दात उतरला. 'हो' म्हणाला तेही कुणाचा तरी गळा धरल्यासारखं. 'जेवलीस का' असं म्हणाला की ऐकणारीला वाटावं, जेवले हाच गुन्हा झाला. बायकोनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पुढची सगळी वर्षं मी हे ऐकत बसू? पुन्हा म्हणा. साधं म्हणा."

म्हणून तीच वाक्यं त्यानं पुन्हा साधी म्हटली. मग चव लागली म्हणून थट्टेत म्हटली. शेवटी नातीसाठी लाडानं म्हटली. नात तेव्हा बोबडं बोलत होती. तिला सगळे चिंगी म्हणत. राग, साधं, थट्टा, लाड असे चार कप्पे झाले. बाजारात मालाची प्रत लावायची सवय, तीच इथे कामी आली. प्रत्येक कप्प्यात प्रत्येक वाक्याला त्यानं तेच नाव दिलं. 'ये गं' म्हणजे चारही कप्प्यांत 'ये गं'. वाक्य निवडायचं आणि रंग दाबायचा. लाडाचा रंग हिरवा.

ऑपरेशननंतर तो हळूहळू या रंगांनी बोलायला शिकला. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक तयार बाईही कंप्युटरमध्ये होती. तिच्या तोंडून बोलायला तो तयार नव्हता. पाटीवर लिहून त्यानं बायकोला सांगितलं, 'ती मला वहिनी वाटते.'

रोज संध्याकाळी चिंगीचा फोन यायचा. ती शाळेतलं सांगायची, हा हिरवं बटण दाबून विचारायचा, "मग पुढे काय झालं गं?" एकच वाक्य, पण ते असं म्हटलं होतं की पोरीला सांगतच राहावंसं वाटे. आजोबांचा आवाज म्हणजे तिला एवढाच ठाऊक होता.

०

जावई सज्जन होता. ही अडचण होती. दुष्ट असता तर हाकलता आला असता.

मुलीबरोबर दोन दिवस राहायला आला तेव्हा त्यानं पाहिलं की सासऱ्यांचा कंप्युटर फार रेंगाळतो. बटण दाबल्यावर आवाज यायला वेळ लागतो. त्याच्या ऑफिसात सगळे वापरतात ते सफाईचं सॉफ्टवेअर त्यानं आणून घातलं. खाली तांबडं वर्तुळ फिरू लागलं आणि एकामागून एक धोक्याच्या सूचना आल्या. तुमचा कंप्युटर आजारी आहे. त्यात कचरा आहे. त्यात असंख्य नकला आहेत. जावयानं खणातला पेनड्राइव्हही शोधून लावला, त्यातही तेच सगळं होतं. होणारच. राखून ठेवलेली प्रत होती ती. सॉफ्टवेअरनं विचारलं, सगळं साफ करू? जावई हो म्हणाला. पुसलेलं कुणाला सापडू नये म्हणून कायमचं साफ करू? जावई म्हणाला, हो, करा की.

"बघा आता," तो उठत म्हणाला. "वाऱ्यासारखा पळतोय."

भोंग्यानं त्याचे आभार मानायला साध्या रंगाचं बटण दाबलं. कंप्युटर खरोखरच क्षणात बोलला.

"वा, छान केलंत!"

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. जावई उभ्याउभ्याच आक्रसला. भोंग्यानं घाईनं 'या, बसा' दाबलं. "या, बसा!" कंप्युटर डाफरला. थट्टेचं पिवळं दाबलं, हिरवं दाबलं. सगळीकडून तोच डाफरण्याचा आवाज. जावई बसला नाही. बायकोकडे वळून म्हणाला, "आई, माझं काही चुकलं का?"

चुकलं होतं, पण कुठे, ते कळायला ती संध्याकाळ गेली. एका नावाच्या चार फाइली सापडल्यावर सॉफ्टवेअरनं सगळ्यांत जुनी ठेवली होती आणि उरलेल्या नकला म्हणून पुसल्या होत्या. त्यांच्या जागी, त्या जुन्या फाइलीकडे बोट दाखवणारी एकेक खूण ठेवली होती. सगळ्यांत जुना होता तो पहिला दिवस.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. मुलगी माहेरी आली होती, पण चिंगी तिच्या आत्याकडे राहिली होती, ती तिथून बोलत होती. शाळेतल्या सशाचं काहीतरी तिला सांगायचं होतं. भोंग्याचं बोट सवयीनं हिरव्यावर गेलं.

"मग पुढे काय झालं गं!"

सशाची गोष्ट तिथेच थांबली. पलीकडे आत्याचा आवाज आला, की ती रुसली आहे, मागाहून बोलेल. दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर आईनं आजोबांना फोन लावून दिला, तर आजोबांनी 'ये गं' म्हणताच पोरीनं फोन लांब धरला.

त्यानंतर काही दिवस भोंग्यानं एकही बटण दाबलं नाही.

०

मदत केंद्राला बायकोनं फोन लावला. भोंगा शेजारी पाटी घेऊन बसला. बराच वेळ वाद्यसंगीत वाजलं, मधूनमधून एक मुलगी सांगत राहिली की तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.

मग एक तरुण आला. बोलण्यात अगदी मऊ. बायकोनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, समजू शकतो मॅडम. परत मिळवण्याची सोय आहे, पण ती वरच्या योजनेत आहे, आणि त्यासाठी खातेदारांची संमती हवी. जावयानं खातं सासऱ्यांच्याच नावानं उघडलं होतं.

"सरांनी फक्त 'हो, माझी संमती आहे' एवढं म्हणायचं."

"त्यांना बोलता येत नाही."

"काही हरकत नाही मॅडम. बोलता येईल तेव्हा फोन करा."

बायको गप्प झाली. लग्न झाल्यापासून तिला कुणी असं गप्प केलं नव्हतं. भोंग्यानं खुर्ची ओढली, फोन कंप्युटरपाशी धरला आणि बटण दाबलं.

"हो!"

"सर, कृपया आवाज चढवू नका," तरुण म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि हे रेकॉर्डिंग वाटतंय. रेकॉर्डिंग चालत नाही."

भोंगा रागाच्या कप्प्यातलं एकेक नाव वाचत गेला. रागाचा अख्खा कप्पा शाबूत होता आणि खरा राग आला तेव्हा त्यातलं एक वाक्य उपयोगी पडेना. 'भाजीत मीठ कमी आहे' असं तो रागानं म्हणू शकत होता. 'दार लावून घे' म्हणू शकत होता. 'तुम्ही माझ्या घरात शिरून माझी जीभ छाटलीत आणि वर अभिनंदन करताय' असं वाक्य कुणी आधीपासून रेकॉर्ड करून ठेवतं का? त्यानं ते पाटीवर लिहिलं. पाटी फोनला दाखवली. मग ती भिंतीवर फेकली. पाटी पत्र्याची होती, फुटली नाही. नुसता पोचा आला.

"अजून काही मदत करू शकतो?" तरुणानं विचारलं.

बायकोला तेवढ्यात वाचा फुटली. म्हणाली, "बाळा, तुझी आई तुला हाक मारते ना? आज घरी गेलास की नीट ऐक. दोनदा मारली तर त्यातली एक नक्कल असेल, पुसून टाक."

०

दुरुस्तीच्या दुकानातली बाई कमी बोलायची आणि बोलली की टोचायचं. पुसल्यापासून कंप्युटर किती वापरला, हा तिचा पहिला प्रश्न. जावयानं जाता जाता सासऱ्यांच्या करमणुकीला दोन सिनेमे भरून ठेवले होते, हे कळल्यावर तिनं डोळे मिटून घेतले.

"काका, पुसलेलं लगेच जात नाही. त्याच्यावर दुसरं कुणी येऊन बसलं की जातं. तुमच्या जावयानं तर पाहुणेच झोपवलेत त्याच्यावर. आणि कायमचं पुसायचं काम त्या सॉफ्टवेअरनं बरंचसं केलंय. अर्धवट सोडलंय, हेच नशीब. मिळेल ते काढते. नावं नाही मिळणार."

भोंग्यानं पोचा आलेल्या पाटीवर लिहिलं, 'हिरवं तेवढं द्या.'

"रंग तर मुळीच नाही मिळणार," ती म्हणाली.

तिनं ते सॉफ्टवेअर काढून टाकायला घेतलं, तर पडद्यावर एक रडवेला चेहरा आला. 'सोडून जाताय? आम्हाला वाईट वाटतंय. कारण निवडा.' चार कारणं दिली होती. चौथं 'इतर'. भोंग्यानं तिचा हात बाजूला करून तिथे टाइप करायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर चौकट भरली आणि अक्षरं उमटेनाशी झाली. तो तरीही टाइप करत राहिला. बाईनं त्याला थांबवलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, जरा थांबा, काकांचं बोलणं चाललंय.

०

कंप्युटर घरी आला तेव्हा त्यात आवाजांचा ढीग होता. निनावी, तुटके, काही नुसती खरखर. नवरा-बायको दुपारी जेवणं उरकून ऐकायला बसत. तुकडा लावायचा, कुठल्या कप्प्यातला ते ओळखायचं. साधं बरंच परत आलं. थट्टेतलं थोडं. लाडातली वाक्यं शेवटी रेकॉर्ड केलेली, त्यांच्यावरच पाहुणे झोपले होते. 'ये गं' मधलं 'गं' मिळालं. 'मग पुढे काय' एवढं मिळालं, त्याच्या पुढे सिनेमातली मोटार गेली.

ते मोटारीचं ऐकलं तेव्हा भोंगा उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही. बायको एकटीच ऐकत राहिली. मग तिनं खिडकीतून हाक मारली.

ढिगात असंही काही वर आलं होतं जे कधी ठेवलंच नव्हतं. रेकॉर्ड करताना बिघडलेलं, खोकल्यानं मोडलेलं, भोंग्यानं तेव्हा स्वतःच पुसलेलं. त्यात बायकोचाही आवाज होता.

"अहो, असं नाही. चिंगी समोर उभी आहे असं समजा आणि म्हणा."

"समोर असती तर म्हणत बसलो असतो का? उचलून घेतली असती."

"म्हणा की. 'माझी राणी ती.'"

"हे तिला म्हणायचंय की तुझं आपलं साधून घेतेस?"

आणि मग तो हसला होता. बाजारातलं ते सबंध हसणं, कांद्याच्या गाळ्यापर्यंत जाणारं, शेवटी खोकल्यात अडकलेलं. हसू हे काही वाक्य नव्हतं, म्हणून त्याला नाव दिलं नव्हतं, म्हणून कप्पा नव्हता. भोंगा दारात उभा राहून ते ऐकत होता. बायकोनं विचारलं, पुन्हा लावू? त्यानं मान हलवली, पण लावू की नको, ते तिला कळेना. तिनं लावलं.

संध्याकाळी मुलीला सांगून चिंगीला फोनवर बोलावलं. ती आली, पण काही बोलली नाही. भोंग्यानं हसणं लावलं.

पोरीनं शेवटच्या खोकल्यापर्यंत ऐकून घेतलं.

"आजी, हे कोण आहे?"

"आजोबा आहेत. आजोबा हसतायत."

"आजोबांना हसता येत नाही," चिंगीनं आजीला समजावून सांगितलं.

बायको भोंग्याकडे पाहत राहिली. त्यानं साधं बटण दाबलं, जे परत आलं होतं त्यातलं. "बरं," कंप्युटर म्हणाला, आणि त्या आवाजात काहीच नव्हतं.

पलीकडे पोरगी घुटमळत होती. मग तिनं, जरा दुरूनच, सशाचं सांगायला सुरुवात केली. ससा पिंजऱ्यातून सुटला होता. बागेत गेला होता. तिथे ती थांबली आणि 'मग पुढे काय' ऐकायची वाट पाहू लागली. भोंग्याचा हात बटणांवर नुसता टेकलेला होता.

ऑपरेशनच्या दिवशी स्वतःच्या गळ्यातून भोंगा शेवटचं बोलला ते, कुठल्याच कप्प्यात नसलेलं, स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाशी. "माझ्या चपला तिथेच राहिल्या," असं म्हणाला.