चिमूटभर अजून

बेबी रविवारी जेवायला येते म्हणाली तो बुधवार होता, आणि बुधवारपासून माझं बूड एका जागी टेकलं नाही.

बेबी म्हणजे माझी नणंद. वय सत्तेचाळीस, मोठ्या दवाखान्यात नर्स, तिच्या नुसत्या आवाजाने पेशंट ताठ बसतात. पण घरात नाव बेबी पडलं ते पडलं. फोनवर म्हणाली, "वहिनी, मागच्या खेपेला दादा किती वाळलेले दिसले! रविवारी येते, तुमच्यातच जेवते, बघते काय चाललंय ते. पटलं तर पटलं, नाहीतर त्यांना माझ्याकडे घेऊन जाते."

"घेऊन जाते म्हणजे? ते काय शिवायला टाकलेला कोट आहेत?" मी म्हटलं.

"माझे वडील आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दादा तिचे वडील, माझे सासरे. तीस वर्षं बस चालवली. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ते आणि मी. माझा नवरा बोटीवर मिस्त्री आहे, वर्षातून दोनदा उगवतो. मूलबाळ नाही. मी घरी कपड्यांची दुरुस्ती करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, पडद्यांना दुमड घालणं. मशीन दिवसभर खडखडत असतं आणि दादा खिडकीशी बसून खालच्या गाड्यांना शिव्या घालत असतात. "अरे, आरसा कशाला दिलाय तुला? भांग पाडायला?" असा आमचा संसार. मला तो आवडतो. कुणी येऊन तो उचलून न्यावा आणि मी बघत बसावं, हे काही जमणार नव्हतं.

पण बेबीचं अगदीच चूक नव्हतं, तिथेच सगळं घोडं अडलं होतं. दादांच्या दोन पँटी मी चार महिन्यांत कमरेला दोनदा आत घेतल्या होत्या. टाके घालताना मनाशी म्हणत होते, वय झालं, माणूस आटतोच. दुसऱ्या कुणाच्या सुनेने असं म्हटलं असतं तर मी तिला चांगली झाडली असती.

आणि दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. चार महिन्यांपूर्वी मला ताप आला, आठ दिवसांनी तो गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. वास नाही, चव नाही. कांदा खा नाहीतर सफरचंद, तोंडात नुसतं काहीतरी ओलं. नाक गेलं, नाकावरचा राग तेवढा राहिला! डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बेबीला हे कळलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी दादांची बॅग भरली असती. म्हणून मी गप्प. दादांनाही सांगितलं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही, फोनवर सगळं भडाभडा ओकतात.

मग स्वयंपाक कसा करायचा? डोळ्यांनी आणि कानांनी. कांदा आधी चरचरतो, पाणी आटलं की आवाज बारीक होतो, तेव्हा हलवायचा. कडा तपकिरी झाल्या की पुढचं घालायचं. भाताला घड्याळ. दूध सकाळी आणलं की बाटलीवर तारीख लिहायची आणि दोन दिवसांनी चांगलं असो-नसो, ओतून द्यायचं. गॅसची खुंटी दिवसातून वीस वेळा बघायची. मशीनवर बसले की वाटे, चालू राहिला असेल, उठून बघे, परत बसले की वाटे, नीट बघितलं नाही. एका पडद्याला दुपार जाई. झोपताना खिडकी उघडी ठेवत होते, थंडी वाजली तरी.

राहता राहिलं मीठ. ते ना दिसतं, ना वाजतं. त्यासाठी मी दादांना धरलं. भाजी झाली की हाक मारायची, "दादा, जरा चव बघा हो." ते खिडकीशी असले तरी लगेच उठत. चमचा तोंडात फिरवत, डोळे मिटत, आणि एखादा निकाल द्यावा तसं सांगत, "फक्कड झालंय. चिमूटभर मीठ अजून." मी चिमूटभर घाले. दुसऱ्या दिवशी आठवणीने तेवढं जास्त मीठ आधीच घाले, आणि दादा म्हणत, "फक्कड. चिमूटभर अजून." मला वाटे, काय बारीक जीभ आहे माणसाची!

गुरुवारी आणि शुक्रवारी मी शेजारपाजारी सल्ले विचारत फिरले, पाहुण्यांना काय करू म्हणून. सल्ल्यांना काय तोटा? खालच्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, मीठ जास्त झालं तर भाजीत कच्चा बटाटा टाकायचा, तो शोषून घेतो. मी हे पूर्वी करून पाहिलेलं आहे. बटाटा खारट होतो, भाजी आहे तशीच राहते, आणि वर एक खारट बटाटा संपवावा लागतो. समोरची म्हणाली, भात खाली लागला तर ढवळू नकोस, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढ. हे मात्र खरं आहे. पण भात लागला हे ज्याला कळतं त्याच्यासाठी.

शनिवारी मी घर घासलं, फ्रिज रिकामा केला, पुन्हा भरला. दादा म्हणाले, "अगं, बेबीच येतेय ना? कुणी मंत्री तर नाही?"

"तुम्हाला न्यायला येतेय ती," मी फटकन बोलले.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हो, मला म्हणाली तसं." आणि खालच्या एका गाडीला शिवी घातली. जायचं आहे की नाही, एवढं तरी सांगावं माणसाने! पण विचारायची माझी छाती झाली नाही. हो म्हणाले असते तर?

रविवारी कोंबडीचा रस्सा केला, मटारची भाजी, भात, आणि दादांना आवडते म्हणून तांदळाची खीर. दादांना तीन वेळा चव बघायला बोलावलं. तिन्ही वेळा फक्कड, तिन्ही वेळा चिमूटभर अजून. बेबी बाराच्या ठोक्याला आली. दारातच तिने दादांचं मनगट हातात घेतलं आणि सोडलंच नाही. "दादा, हाडं लागतायत हाताला."

"ते घड्याळ आहे," दादा म्हणाले.

बाहेरच्या खोलीत पानं मांडली. खिरीचं भांडं मंद आचेवर ठेवून मीही येऊन बसले, कारण बेबीचा पहिला घास मला बघायचा होता. तिने रस्सा भातावर घेतला, कालवला, घास तोंडात घातला, आणि तिचा चेहरा असा झाला, जणू कुणी तिला चिमटा काढलाय. तिने घास गिळला. नर्स आहे, गिळला. अर्धा पेला पाणी प्यायली. मग चमच्याच्या टोकाने मटार चाखले आणि चमचा खाली ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "हे तू चाखून बघितलंस?"

"दादांनी बघितलं."

"दादा, तुम्हाला हे चालतं?"

दादा खाली मान घालून भात चिवडत होते. "चांगलं झालंय की," ते म्हणाले.

"चांगलं? अहो, हे मीठ आहे! नुसतं मीठ! जनावर चाटतं तसं! या वयात रोज एवढं मीठ पोटात गेलं तर..." ती बोलता बोलता थांबली आणि मान वर करून हुंगायला लागली. "काय जळतंय?"

मी दादांकडे बघितलं. दादांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, काहीतरी जळतंय! एवढा वास सुटलाय!"

ती उठून पळाली. मी मागोमाग गेले तेव्हा स्वयंपाकघरात धूर दाटला होता, भांड्यातलं दूध आटून तांदूळ काळा कोळसा झालेला, आणि भांडं पुसायचं फडकं मी घाईत गॅसच्या कडेला टाकलेलं, त्याचं टोक धुमसत होतं. बेबीने फडकं बेसिनमध्ये फेकलं, गॅस बंद केला, खिडकी उघडली. सगळं मिनिटभरात. मी दाराशी खांबासारखी उभी. धूर डोळ्यांना झोंबत होता. नाकाला काहीच कळत नव्हतं.

बेबी वळली. "तुला वास आला नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. नर्सपासून काय लपणार?

"चार महिने झाले," मी म्हटलं.

"आणि तुम्हाला?" तिने दादांना विचारलं. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले होते.

दादा कानाची पाळी चोळत राहिले. मग म्हणाले, "मला तर पाच-सहा वर्षं काही लागत नाही. वासही नाही, चवही नाही. हल्ली तर घासही जात नाही. म्हटलं, वय झालं, सांगायचं काय त्यात."

मी अशी भडकले की विचारू नका. "मग चव कशाची बघत होता? रोज डोळे मिटून? चिमूटभर अजून, चिमूटभर अजून! चार महिने मी तुम्हाला मीठ चारतेय!"

"मीठ घातलं की जरा तरी काहीतरी लागायचं," दादा म्हणाले. "आणि तू हाक मारायचीस. बस सोडल्यापासून मला कुणी कामाला बोलावलं नव्हतं गं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा खिडकीत बसायचं."

मला रागही आला होता आणि रडूही.

मग बेबी बोलली. हळू, पण एकेक शब्द ठेवून. "मी भांडायला आले होते. आता भांडायचं काही राहिलंच नाही. या घरात गॅस सुटला तर दोघांनाही कळणार नाही. आज मी होते. दादा, बॅग भरा."

तिचं बरोबर होतं. तिच्याशी भांडायला तिच्या बोलण्यात एखादी खोट शोधावी म्हटलं तर सापडेना. चार महिने मी गॅसची खुंटी तपासत मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या घालत होते, आणि ज्या एका दिवशी बसून राहिले त्याच दिवशी फडकं पेटलं. मी म्हणायला हवं होतं, जा दादा, तिकडे बरं राहील. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"जाऊ नका," मी म्हटलं. "मला एकटीला भीती वाटते. मी तुमची काळजी घेते, काळजी घेते म्हणून जगाला सांगते. तुम्ही खिडकीत बसून ओरडत असता ना, म्हणून मी मशीनवर बसू शकते. तुम्ही गेलात तर या घरात मी काय करू?"

एवढं मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते.

दादांनी बाहेरच्या खोलीतून आपली खुर्ची उचलली. धापा टाकत ती स्वयंपाकघरात आणली आणि गॅससमोर, चार हातांवर ठेवली. बसले.

"नाक नसलं तर नसलं," ते म्हणाले. "तीस वर्षं समोर बघून बस चालवली, एकदा कुठे घासली नाही. गॅस पेटलेला असला की मी इथून हलणार नाही. मीठ तू चमच्याने मोजून घाल, बेबी सांगेल तेवढं. आणि बेबी, ते गॅस सुटल्यावर बोंबलणारं यंत्र असतं ना, ते आणून लाव. पण मी येत नाही, पोरी. रागावू नकोस."

बेबीने पर्स उचलली, चपला घातल्या आणि गेली. दार आपटलं नाही, हे मला जास्त लागलं. आपटलं असतं तर मी घरातच बसले असते. तिच्या मागे धावले. ती खाली गेलीच नव्हती, जिन्याच्या वळणावर पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

"बेबी, यंत्र उद्याच आणते," मी म्हटलं. "रोज फोन करते. वजन करून कळवते."

"वहिनी," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, "दादा वाळलेत म्हणून मी आले, हे खरं आहे. पण खोली मी दोन महिने आधीच रंगवून घेतली होती. लेक शिकायला गेली, हे कामावर. ड्यूटी संपवून घरी आलं की कुलूप मीच काढते आणि मीच दिवा लावते. म्हटलं, दादा असतील. दार उघडल्यावर कुणीतरी विचारेल, आलीस का."

मला वाटत होतं, हिच्याकडे सगळं आहे, माझं एवढंसं आहे तेही न्यायला आली. चार दिवस मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले होते! मी पदराने पायरी झटकली आणि तिच्या शेजारी बसले. तिच्या केसांना धुराचा वास येत असणार. मला काही कळत नव्हतं. तिने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले.

वरून दादांची हाक आली, "अगं, कुठे गेलात दोघी? पोरीच्या पोटात काही नाही! मी अंडी उकडायला ठेवलीत, किती वेळ ठेवू?"

"दहा मिनिटं!" मी ओरडले. "घड्याळ बघा! आम्ही जरा बसलोय."