नाताळच्या पावातले नाणे

माझ्यामुळे व्हुकोताला ट्रॅक्टर मिळणार होता, त्याच्या आईला गळक्या घरावर नवी कौले आणि धाकट्या भावाला, ओग्न्येनला, एक शर्ट. हा हिशेब अर्थात व्हुकोताचा.

मित्रांनो, मी एक जुने रोमन चांदीचे नाणे आहे. माझा जन्मच मार खाऊन झाला. खाली ठसा, वर ठसा, मध्ये तापलेली चकती आणि हातोड्याचा दणका! पुढे मी एका शिपायाच्या पगारात गेलो. तो दारू घ्यायला गेला, तेव्हा संशयी दुकानदाराने आत तांबे आहे का, हे बघायला माझ्या अंगावर छिन्नीचा खोल घाव घातला. आत चांदीच निघाली. चिडलेल्या शिपायाने मला परत घेतले; दारू राहिली आणि घावही राहिला. दुसऱ्याच दिवशी डॅन्यूब नदीच्या काठावर शत्रूने त्या शिपायाला गाठले. त्याने मला मुठीत आवळून पोटाशी धरले होते. कुऱ्हाड आधी त्या मुठीवर पडली, मग मानेवर.

त्यानंतर शतकानुशतके मी मातीत होतो. चांदी काळी पडली आणि तो काळेपणा घावात दगडासारखा बसला. शेवटी त्याच काठावरच्या शेतात व्हुकोताच्या आजोबांच्या नांगराने मला वर काढले.

तेव्हापासून मी त्या घरच्या नाताळच्या पावात असे. व्हुकोताची आई स्तामेना मला राखेने घासून कणकेत दडवायची. राख वरवरच लागायची, घावातला काळा थर तसाच राहायचा. जेवणाच्या वेळी सगळे मिळून पाव हाताने तोडत. ज्याच्या तुकड्यात मी निघेन, त्याचे वर्ष चांगले. मग घरच्या कर्त्याने त्याला भेट देऊन मला सोडवून घ्यायचे. वडील गेल्यापासून व्हुकोता कर्ता होता आणि त्याची भेट कधी शर्टाच्या पुढे गेली नाही.

त्या वर्षी त्याने शहरातल्या गव्रिलोला फोन केला. गव्रिलो जुनी नाणी पारखून विकत घेई. तो म्हणाला, "खरं असलं तर ट्रॅक्टर येईल त्यात. घावाच्या आत काळं आहे ना? तीच त्याच्या वयाची साक्ष. धुऊ नको, पुसू नको, असंच आण."

"मी काय खुळा आहे, काका?" व्हुकोता म्हणाला.

नाताळच्या दुपारी मी ओग्न्येनच्या दाताखाली आलो. तो लग्नांत अकॉर्डियन वाजवून पोट भरायचा. त्याने मला तोंडातून काढून मुठीत घेतले.

"आण इकडे. शर्ट देतो," व्हुकोता म्हणाला.

"दादा, दर वर्षी शर्टावर भागवतोस. फोनवरचं सगळं ऐकलंय मी. तू ट्रॅक्टरवर बसणार आणि मी नवा शर्ट घालून मागनं चालणार होय?"

"कर्ता मी आहे."

"मग जरा कर्त्यासारखा दे की. निम्मे पैसे माझे."

"पेटी बडवणाऱ्याला कशाला हवेत निम्मे?"

"व्हुकोता, सणाचा दिवस आहे रे," स्तामेना म्हणाली.

व्हुकोताने चुलीपाशी पडलेली लोखंडी सळई उचलली. ओग्न्येनला वाटले, दादा नुसता भेवडावतोय. त्याने मूठ टेबलावरून काढली नाही. पहिल्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्याला मूठ उघडली. तिसऱ्याची काही गरज नव्हती, तरी तो बसला. मी पावाच्या तुकड्यांत रक्ताने भरून पडलो आणि मला तो शिपाई आठवला.

आई ओग्न्येनला घेऊन दवाखान्यात गेली. व्हुकोता मला घेऊन गोठ्यामागच्या खोलीत गेला. रक्त माझ्या घावात उतरून सुकले होते. असे नाणे गव्रिलोपुढे कसे ठेवायचे? फडक्याने रक्त निघेना, म्हणून त्याने मला ॲसिडमध्ये टाकले आणि मग ड्रिलला तारेचा ब्रश लावून माझा घाव तळापर्यंत खरवडला. इतकी शतके माझ्या अंगाला कुणी असे ओरबाडले नव्हते. भावाचे रक्त गेले आणि त्याच्याबरोबर काळा थरही गेला.

दुसऱ्या दिवशी शहरात गव्रिलोने भिंगातून पाहून मला खाली ठेवले. "घाव तर कालचा दिसतोय."

"रक्त लागलं होतं, काका. म्हणून साफ केलं."

"रक्त साध्या पाण्यानं निघतं, बाबा. तू साक्षीदारच मारलास. नाणं खरं असेलही, पण माझ्याकडून कोण घेईल? घेऊन जा."

मित्रांनो, जुन्या वस्तूचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, ते तिचे वय असते. तो चकचकीत करू नका. आणि कुणाची मूठ उघडायची असेल, तर आधी नीट मागून बघा.

आता मी स्तामेनाच्या खिडकीत पडून असतो. ट्रॅक्टर आला नाही. कौले अजून गळतात. अकॉर्डियन पेटीत बंद आहे. व्हुकोताच्या हिशेबातला शर्ट तेवढा चुकता झाला. ओग्न्येन तो घालतो आणि बटणे आई लावून देते.